स्तनाच्या एमआरआयमध्ये दिसलेला दुसरा ठिपका

डाव्या स्तनातली गाठ कर्करोगाची आहे हे बायोप्सीतून आधीच कळलं होतं. मॅमोग्राफी झाली होती, सोनोग्राफी झाली होती. मग आता आणखी एमआरआय कशाला, हा माझा पहिला प्रश्न. सर्जन मॅडमनी बायोप्सीच्या अहवालातल्या एका शब्दावर बोट ठेवलं: लोब्युलर. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के या प्रकारचे असतात. यातल्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं प्रथिन बहुतेक वेळा उरलेलंच नसतं, त्यामुळे त्या गोळा होऊन नीट गाठ बनवण्याऐवजी एकामागे एक ओळीने आजूबाजूला शिरत जातात. मॅमोग्राफीत आणि सोनोग्राफीत दिसतं त्यापेक्षा आजार मोठा निघू शकतो. माझी गाठ सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरच्या आसपास दिसत होती. "ती तेवढीच आहे की पुढे गेलीय, हे मला ऑपरेशनच्या आधी कळायला हवं," मॅडम म्हणाल्या.

हे पटलं. पण त्यांनी लगेच दुसरी बाजूही सांगितली, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एमआरआय फार बारीक बघतो. स्तनातला कर्करोग शोधण्यात त्याच्याइतकी तीक्ष्ण तपासणी दुसरी नाही, पण जे जे त्याला दिसतं ते सगळं कर्करोग नसतं. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एका स्तनात नुकताच कर्करोग सापडलेल्या ९६९ स्त्रियांच्या दुसऱ्या स्तनाचा एमआरआय केला होता. मॅमोग्राफीत तो स्तन स्वच्छ होता. एमआरआयनंतर १२१ जणींची बायोप्सी करावी लागली आणि त्यातल्या ३० जणींना खरोखरच तिथेही कर्करोग निघाला. म्हणजे तीस जणींचा आजार वेळेत सापडला आणि एक्क्याण्णव जणींनी सुई आणि धास्ती दोन्ही फुकट सोसली. "तुम्ही कोणत्या बाजूला पडाल हे आधी सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून दुसरं काही दिसलं तर आपण काय करणार, हे आत्ताच ठरवून ठेवू."

त्यांनी ठरवलेला नियम साधा होता. एमआरआयमध्ये नवीन काहीही दिसो, त्याचा तुकडा तपासल्याशिवाय ऑपरेशनचा बेत बदलायचा नाही. मी मान डोलावली. त्या वेळी हा नियम माझ्यापर्यंत येईल असं वाटलंच नव्हतं.

तारीख घ्यायला फोन केला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, पाळी कधी आली होती? पाळी चालू असलेल्या स्त्रियांचा स्तनाचा एमआरआय शक्यतो पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान करतात. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात संप्रेरकांमुळे निरोगी ग्रंथीही तपासणीत शिरेतून देतात ते औषध जास्त शोषतात आणि चित्रात उजळतात. मग त्या उजेडात खरा दोष झाकला जातो, किंवा नसलेला दोष दिसल्यासारखा वाटतो. रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्येही असंच होऊ शकतं, तेव्हा त्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. माझ्यासारख्या निदान झालेल्या पेशंटसाठी उपचार लांबवून या दिवसांची वाट बघत बसत नाहीत. माझं नशीब म्हणा, ते आपोआप जुळलं. पण नुसत्या तपासणीसाठी, म्हणजे आजार नसताना खबरदारी म्हणून जाणार असाल तर हे दिवस जरूर सांभाळा. बरीच नसती काळजी तिथेच टळू शकते.

दुसरा प्रश्न किडनीचा. या तपासणीत शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. आपल्याकडे सगळे त्याला सरसकट 'डाय' म्हणतात. ते लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी क्रिॲटिनिनची रक्ततपासणी मागतात. किडनीची गाळण्याची क्षमता फारच कमी, म्हणजे ईजीएफआर ३० च्या खाली असेल, तर कोणतं औषध द्यायचं आणि द्यायचं की नाही याचा वेगळा विचार होतो. गॅडोलिनियमच्या काही जुन्या औषधांमुळे अशा रुग्णांची कातडी आणि सांधे कडक होणारा एक गंभीर आजार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आलं. आता जास्त वापरात असलेल्या औषधांत तो धोका अत्यंत कमी आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे सीटी स्कॅनच्या आयोडीनच्या औषधाची ॲलर्जी आणि गॅडोलिनियमची ॲलर्जी या दोन वेगळ्या बाबी आहेत. एकीचा त्रास झाला म्हणून दुसरी होईलच असं नाही. तरीही फॉर्मवर दोन्ही लिहाव्यात.

इंटरनेटवर वाचून माझ्या बहिणीने गॅडोलिनियम मेंदूत साठतं म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. हे अगदीच खोटं नाही. त्याचा अत्यल्प अंश मेंदूत आणि हाडांत राहतो हे सिद्ध झालं आहे, आणि म्हणूनच २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने या औषधांच्या एका गटातली बरीचशी औषधं वापरातून थांबवली. दुसऱ्या गटातली, ज्यांना मॅक्रोसायक्लिक म्हणतात ती, गॅडोलिनियमला जास्त घट्ट धरून ठेवतात आणि कमी साठतात. साठलेल्या अंशामुळे मेंदूला इजा झाल्याचं मात्र दिसलेलं नाही. मी रेडिओलॉजिस्टना सरळ विचारलं, तुम्ही कोणतं देता? मॅक्रोसायक्लिक, असं उत्तर आलं आणि माझ्यापुरता विषय मिटला. बहिणीपुरता मिटायला आणखी वेळ लागला.

धातूंचा फॉर्म बराच मोठा असतो आणि तो घाईत भरू नये. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, कधीकाळी डोळ्यात उडालेली लोखंडाची कणी, हे सगळं आधी सांगायचं असतं. स्तन काढल्यानंतर कातडी ताणायला बसवतात त्या काही एक्सपांडरच्या झडपेत चुंबक असतो, त्या बायकांना तर हे सांगणं फारच महत्त्वाचं. मला तांबी बसवलेली होती. ती बहुधा अडचणीची नसते, पण विचारली मात्र गेली. कातडीवर चिकटवायच्या औषधी पट्ट्यांपैकी काहींच्या मागे धातूचा पातळ पत्रा असतो, तो तापून भाजू शकतो. चांदीचे किंवा धातूचे धागे विणलेले खेळाचे कपडेही तसेच. त्यामुळे आतले कपडेसुद्धा काढून त्यांचाच गाऊन घातला. डोक्यातल्या पिना, कानातलं, नाकातलं, अंगठी, घड्याळ सगळं बाहेर. चुंबक कायम चालू असतो, तपासणी सुरू व्हायच्या आधीही आणि संपल्यावरही. खोलीच्या दारावरची सूचना शोभेची नाही.

वेटिंग रूममध्ये एक बाळंतीण होती. एमआरआयनंतर बाळाला पाजायचं की दूध काढून टाकायचं, याची तिला चिंता लागली होती. तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलेलं मीही ऐकलं. औषधाचा अगदी नगण्य अंश, ०.०४ टक्क्यांहूनही कमी, दुधात उतरतो आणि त्यातलाही फार थोडा बाळाच्या आतड्यातून रक्तात जातो. पाजणं थांबवायची गरज नाही. गरोदरपणात मात्र हे औषध अगदी टाळता येत नसेल तरच देतात. तिच्या शेजारी इम्प्लांट बसवलेल्या एक बाई होत्या. सिलिकॉन फुटलं आहे का एवढंच बघायचं असेल तर डायची गरज नसते, सुईही नाही. बाकी आम्हा सगळ्यांना सुई.

आता मुख्य गोष्ट, आत काय होतं. हाताच्या शिरेत कॅन्युला लावली आणि मला पालथं झोपायला सांगितलं. बहुतेक एमआरआय उताणे करतात, हा पालथा. टेबलावर एक खास चौकट असते, तिला कॉइल म्हणतात. तिला दोन पोकळ्या असतात आणि स्तन त्यांत मोकळे लोंबकळत राहतात. मॅमोग्राफीसारखं दाबून चपटं करणं इथे नाही, फार तर हलू नयेत म्हणून बाजूने हलका आधार देतात. डोकं मालिशच्या टेबलावर असतं तसल्या खाचेत. टेक्निशियन मुलगी माझ्या निम्म्या वयाची होती, मला काकू म्हणत होती. तिने हाताने स्तन खाली ओढून, कातडीला पडलेली घडी सरळ करून, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना ते वाकून पाहिलं. लाजेला तिथे जागाच नाही. ती हे दिवसभर करते, आणि तिने ते नीट केलं तरच काखेजवळचा भाग चित्रात येतो. स्त्री टेक्निशियन हवी असेल तर तारीख घेतानाच सांगून ठेवावं. ऐन वेळी माणूस मिळेलच असं नाही.

खरा त्रास पोकळीचा नव्हता, छातीच्या हाडाचा होता. दोन पोकळ्यांच्या मधल्या पट्टीवर अख्ख्या वरच्या धडाचा भार येतो. सुरुवातीला वाटतं, चालेल. पाच मिनिटांत ते बोचायला लागतं. म्हणून टेबल आत जायच्या आधीच कुरकुर करून घ्या. कपाळाखाली घडी केलेला टॉवेल, बरगड्यांखाली गादी, घोट्यांखाली उशी, जे हवं ते मागा. हात डोक्यापलीकडे ताणून ठेवायचे असतील आणि खांद्याचा त्रास असेल, तर अंगाशी ठेवता येतील का ते विचारा. त्या मुलीने माझी उशी तीनदा बदलली आणि एकदाही कंटाळल्याचं दाखवलं नाही. कारण तिला ठाऊक होतं की मी नंतर हलले तर सगळंच वाया जाईल.

हे 'हलायचं नाही' प्रकरण इथे इतर एमआरआयपेक्षा जास्त कडक का असतं, ते मला नंतर रेडिओलॉजिस्टनी समजावलं. आधी औषधाविना चित्रं काढतात. मग औषध देऊन तीच चित्रं पुन्हा पुन्हा, साधारण मिनिट-दीड मिनिटाच्या अंतराने काढत जातात. नंतर संगणक औषधानंतरच्या चित्रातून औषधाआधीचं चित्र वजा करतो. उरतं ते फक्त औषधाने उजळलेलं. या दोन चित्रांच्या मध्ये तुम्ही काही मिलिमीटर जरी सरकलात, तरी वजाबाकी चुकते आणि जिथे काही नाही तिथे पांढऱ्या कडा उमटतात, किंवा लहानसा ठिपका पुसला जातो. श्वास रोखायचा नसतो, नेहमीसारखा संथ घ्यायचा. खोल उसासे मात्र टाळायचे. खोकला, शिंक, नाक खाजवणं ही कामं आवाज थांबतो त्या फटीत उरकायची, तीही आधी माइकवर विचारून.

औषधानेच कर्करोग का उजळतो? वाढणारी गाठ स्वतःसाठी घाईघाईने नव्या रक्तवाहिन्या तयार करते आणि त्या गळक्या असतात. औषध पहिल्या दोनेक मिनिटांत तिथे भरभर शिरतं आणि पुष्कळदा तितक्याच भरभर निघूनही जातं. निरोगी ऊतीत ते सावकाश चढत राहतं. म्हणून रेडिओलॉजिस्ट नुसता ठिपका बघत नाहीत, तो किती वेगाने उजळला आणि नंतर विझला का, याचा आलेखही बघतात. पण हा आलेख काही न्यायनिवाडा नाही. निरुपद्रवी गाठीही कधी कधी झटकन उजळतात. माझ्या बाबतीत पुढे तेच झालं.

आवाजाबद्दल सगळे सांगतात आणि तरी तो दचकवतोच. चुंबकाच्या आत तारांची वेटोळी असतात. त्यांतला प्रवाह क्षणोक्षणी चालू-बंद होतो आणि त्या धक्क्याने ती थरथरतात, तो हा आवाज. वरच्या मजल्यावर कुणीतरी फरशी फोडतंय आणि आपलं डोकं त्याच फरशीला टेकलंय, असं काहीसं. कानात बोळे आणि वर हेडफोन देतात, दोन्ही घ्यावेत. हातात रबरी फुगा असतो, तो दाबला की ते थांबवतात. मला बंद जागेची भीती वाटते, तरी पालथं असल्यामुळे नजर खाली राहते आणि छत नाकावर आल्याचं जाणवत नाही, हा एक फायदा. ज्यांना फारच भीती वाटते त्यांना आधी सौम्य गोळी देता येते. पण ती डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावी लागते आणि परत न्यायला सोबत कुणीतरी असावं लागतं.

औषध यंत्राने ढकलतात. दंडातून गार काहीतरी वर सरकल्यासारखं वाटलं, तोंडात क्षणभर धातूची चव आली, बस. कॅन्युलाच्या जागी जळजळ किंवा फुगवटा जाणवला तर लगेच फुगा दाबावा, औषध शिरेबाहेर जात असण्याची शक्यता असते. खाज, गांधी, श्वास लागणं असं काही झालं तरी तसंच. ते क्वचित होतं, पण आवाजात तुमचं बोलणं कुणाला ऐकू येणार नाही. एकूण अर्धा-पाऊण तास गेला. उठवल्यावर छातीवर चौकटीचे वळ होते. ते घरी पोचेपर्यंत गेले. पाणी भरपूर प्या म्हणाले, बाकी पथ्य काही नाही.

रिपोर्ट तयार व्हायला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. चित्रं शेकड्यांनी असतात, आणि ती आधीच्या मॅमोग्राफी-सोनोग्राफीशी ताडून बघायची असतात. म्हणून जुन्या फिल्म, सीडी, अहवाल, बायोप्सी कोणत्या तारखेला झाली ते, सगळं बरोबर न्यावं. माझ्या अहवालात डावी गाठ ३.६ सेंटिमीटर निघाली. सोनोग्राफीतल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. हे अपेक्षित होतं, त्यासाठीच तर गेलो होतो. पण खाली आणखी एक परिच्छेद होता. उजव्या स्तनात, बाहेरच्या वरच्या भागात, सात मिलिमीटरचा उजळणारा ठिपका. बायरॅड्स ४.

बायरॅड्स ही स्तनाच्या चित्रांची श्रेणी शून्यापासून सहापर्यंत असते. शून्य म्हणजे माहिती अपुरी, एक म्हणजे काही नाही, दोन म्हणजे निरुपद्रवी. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत, आणि सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. सहा म्हणजे आधीच सिद्ध झालेला कर्करोग, तो माझा डावा. पाच म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त शक्यता. आणि चार म्हणजे या दोन्हींच्या मधलं सगळं, दोन टक्क्यांपासून थेट ९५ टक्क्यांपर्यंत. इतका मोठा पल्ला एकाच आकड्यात कोंबणाऱ्यांना ती रात्र काढायला लावली पाहिजे. अहवालात 'संशयास्पद' असं लिहिलेलं असतं, आणि त्या शब्दाने घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात ९५ टक्केच शिरतं. नवरा गप्प झाला. एका नातेवाइकांनी फोनवर सल्ला दिला, दोन्ही काढूनच टाका, कटकट नको. हे त्यांनी भल्यासाठीच म्हटलं, पण त्या आठवड्यात मला कुणी असं फोनवर न सांगितलेलं बरं वाटलं असतं.

अशा वेळी आधी ठरवलेला नियम कामाला आला. मॅडमनी फक्त एवढंच म्हटलं, "तुकडा आल्याशिवाय उजवीकडे काही करायचं नाही, हे आपलं ठरलंय ना?" ठरलंय.

पहिली पायरी पुन्हा सोनोग्राफी. एमआरआयचं चित्र समोर ठेवून नेमक्या त्याच जागी शोधायचं. ठिपका तिथे दिसला तर सोनोग्राफीखालीच साधी बायोप्सी होते. ती सोपी, लवकर उरकणारी. पण यात एक गंमत आहे. एमआरआयमध्ये मी पालथी होते आणि स्तन खाली लोंबत होते. सोनोग्राफीत उताणी, स्तन छातीवर पसरलेले. तोच ठिपका दोन स्थितींत चांगलाच सरकलेला असतो. डॉक्टरांनी बराच वेळ शोधलं आणि सापडलं नाही म्हणाले. मला हायसं वाटलं, म्हणजे नव्हताच की! त्यांनी लगेच थांबवलं. सोनोग्राफीत न दिसणं म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. जे फक्त एमआरआयला दिसलं, त्याची बायोप्सीही एमआरआयखालीच.

आणि इथे आमची गाडी अडली. जिथे एमआरआय झाला तिथे या बायोप्सीची सोयच नव्हती. तसली सामग्री आणि सराव सगळीकडे नसतो. दुसऱ्या केंद्रात गेलो तर त्यांना आधीची चित्रं मूळ स्वरूपात हवी होती, आमच्याकडे छापील फिल्म आणि दोन पानी अहवाल. ती सीडी मिळवण्यात, पुन्हा तारीख मिळण्यात ऑपरेशन पुढे गेलं. स्तनाचा एमआरआय करायला निघालेल्या कुणालाही मी एकच प्रश्न आधी विचारायला सांगते: इथे काही दिसलं तर त्याची बायोप्सी इथेच होईल का, आणि नसेल तर कुठे? यंत्र किती नवं आहे, त्याचा चुंबक किती टेस्लाचा, म्हणजे किती ताकदीचा आहे, याच्यापेक्षा हे उत्तर जास्त उपयोगी पडतं.

एमआरआयखालची बायोप्सी म्हणजे पहिल्या तपासणीचीच पुनरावृत्ती, मधे सुई. पुन्हा पालथं, पुन्हा कॅन्युला, पुन्हा डाय. फरक इतका की या वेळी एकच स्तन चौकटीत, आणि तो जाळीदार पट्टीने बाजूने हलका दाबलेला. चित्रावरून ठिपका जाळीच्या कोणत्या घरात आणि किती खोल आहे ते मोजतात. टेबल बाहेर, भूल देणारं इंजेक्शन, छोटा छेद, त्यातून प्लास्टिकची नळी. पुन्हा टेबल आत, नळी बरोबर जागी गेली का याचं चित्र. मग बाहेर, आणि हवेने ओढून घेणाऱ्या जाड सुईने एकामागे एक तुकडे. घरघर ऐकू येते, दाब जाणवतो, भूल नीट लागली असेल तर दुखत नाही. शेवटी त्या जागी तिळापेक्षा लहान धातूची खूण सोडतात, पुढे कधीही ती जागा ओळखता यावी म्हणून. ती एमआरआयला चालते. नंतर रक्त थांबायला बराच वेळ दाबून धरलं आणि खूण योग्य जागी आहे का ते बघायला साधी मॅमोग्राफी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायला हवं, आणि स्वतःच्या मनाने ती बंदही करायची नाही. जांभळा डाग मात्र बरेच दिवस राहिला.

तिथल्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की कधी कधी बायोप्सीच्या दिवशी ठिपका दिसतच नाही. संप्रेरकांचा खेळ असेल तर तो विरतो, किंवा स्तन फार दाबला गेला तर औषध पोचत नाही. मग बायोप्सी रद्द करून काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय करतात. माझा ठिपका दिसला.

निकाल आला, स्क्लेरोझिंग ॲडेनोसिस. ग्रंथींची निरुपद्रवी वाढ, कर्करोग नाही. पण मॅडमनी तेवढ्यावर फाइल मिटली नाही. चित्रात जे दिसलं त्याचं स्पष्टीकरण या निकालाने होतं का, सुई खरंच त्याच जागी गेली होती का, हे रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट दोघांनी मिळून तपासलं. जुळत नसेल तर चांगला निकालसुद्धा मानत नाहीत, पुन्हा तुकडा घेतात. आमच्या बाबतीत जुळलं.

मग हा एमआरआय केला ते बरं झालं का? डावीकडे झालंच. ३.६ सेंटिमीटरचा आकडा हातात नसता तर मॅडमनी कमी भाग काढला असता आणि कडेला आजार राहून दुसरं ऑपरेशन करावं लागलं असतं, असं त्यांचं मत. काढलेल्या भागात गाठ जवळजवळ तेवढीच भरली आणि कडा मोकळ्या निघाल्या. पण हा हिशेब प्रत्येकीला लागू होत नाही हेही त्यांनीच सांगितलं. ब्रिटनमध्ये १६२३ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑपरेशनआधी एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या गटांमध्ये पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण सारखंच, १९ टक्के निघालं. म्हणून त्या प्रत्येक पेशंटला एमआरआय लिहून देत नाहीत. लोब्युलर आजार, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीच्या मापांचा मेळ न बसणं, काखेत गाठ पण स्तनात काहीच न सापडणं, ऑपरेशनआधीच्या किमोने गाठ किती आटली ते बघणं, अशा ठिकाणी तो हवाच असतो.

बहिणीने विचारलं, "ताई, मग मीही करून घेऊ का? एवढं बारीक दिसतं तर दर वर्षी तोच करते, मॅमोग्राफी कशाला?" मॅमोग्राफी सोडता येत नाही, कारण चुन्याचे बारीक कण तिच्यातच दिसतात, एमआरआयला ते दिसत नाहीत, आणि कधी कधी अगदी सुरुवातीचा आजार तेवढ्याच खुणेवरून कळतो. दर वर्षी मॅमोग्राफीच्या जोडीला एमआरआय मुख्यतः ज्यांचा धोका खूप जास्त असतो त्यांच्यासाठी आहे: स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष बीआरसीए जनुकात असलेल्या, लहान किंवा तरुण वयात छातीवर रेडिएशन घेतलेल्या, किंवा कुटुंबातल्या आजारांवरून आयुष्यभराचा धोका २० टक्क्यांहून अधिक निघणाऱ्या स्त्रिया. ती यात बसते का, हे नुसतं माझ्याकडे बघून ठरत नाही.

त्यामुळे ती आधी जनुकीय सल्लागाराकडे चालली आहे. त्यांनी यादी मागितली आहे: कुटुंबात स्तनाचा, बीजकोशाचा, जठराचा कर्करोग कुणाला आणि कोणत्या वयात झाला. आईकडच्यांचं आम्हाला ठाऊक आहे. वडिलांकडची बाजूही तेवढीच मोजली जाते, हे आम्हा दोघींना नवीन होतं. आजीच्या एका बहिणीला छातीचं काहीतरी होतं एवढंच आम्ही ऐकून आहोत. नेमकं काय आणि तेव्हा तिचं वय किती, ते आत्यालाच माहीत असणार. उद्या तिला फोन लावते.